सोलापुरात शिव्या देऊन हसवायचंय? मग असं करा

स्टँडअपचा प्रयोग घेऊन सोलापुरात येताय? मग शिव्या पुण्या-मुंबईतूनच भरून आणा. प्रमाण दहा मिनिटांना पंधरा. पहिली स्टेजवर येताच हाणा, म्हणजे उरलेल्या चौदांना काही काम राहणार नाही. पहिलीला येतो तो दचकल्याचा हशा; चौथीपासून लोक मोबाइल काढतात. तेव्हा विनोद सुधारू नका, आवाज वाढवा.

मराठीत इतकं मोकळं आजवर कुणी बोललंच नाही, असंही जाहीर करा. सातारा जिल्ह्यात बोरी आणि सुखेड गावच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात, ते सोडा. त्याला तिकीट नसतं.

आता 'बे'. पुण्यात अनोळखी माणसाला 'काय बे' म्हटलं की तो आधी चष्मा नीट करतो, मग तुमचे संस्कार काढतो. सोलापुरात 'काय करालास बे?' ही ख्यालीखुशाली. तुम्ही मात्र तो शब्द डोळा मारून, काहीतरी भयंकर बोलल्यासारखा फेका. सोलापूरच्या नवी पेठेतलं पोरगंसुद्धा तुमची कीव करेल. तीच गत आजीच्या 'रांडंच्या, जेव की'ची. आजीच्या हातात भाकरी असते, समोर नातू असतो. तुमच्या हातात माईक असेल. पहिल्या रांगेतल्या आजोबांकडे बोट करून तोच शब्द वापरून बघा. शब्दात काना-मात्रेचा फरक नाही, मग भ्यायचं कशाला?

पूर्व भागात तेलुगू आहे, शिवाय गावात कन्नड आणि दखनी. तेलुगूतला 'कोडका' आणि कन्नडमधला 'मगने' यांचा अर्थ नुसता 'अरे मुला'. पण आधी कुठला शब्द जोडला, कोण कुणाला म्हणालं आणि आवाज कुठे चढला, यावर तो लाड की मारामारी ते ठरतं. तुम्ही शब्दकोशावर भिस्त ठेवा, तो कधी मार खात नाही.

परदेशी मालही आणा. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जबर शिव्या चर्चच्या सामानावरून आल्यात: वेदीवरची पेटी, प्याला, प्रसादाची चकती. चर्चचा तिथे फार काळ वचक होता, म्हणून त्या झोंबतात. पॅरिसात त्याच ऐकून गंमत वाटते. भाषांतर करून कुणावर तरी 'पळी! पंचपात्र!' असं खेकसा. समोरचा विचारेल, घासून आणू का?

व्हिडिओ टाकताना शिवीवर 1000 हर्ट्झचा बीप लावा, तोही पुऱ्या शब्दावर. खाली 'गाढवा' असलं तरी प्रत्येक जण आपापल्या घरातली सर्वांत वाईट शिवी तिथे भरतो, तेलुगूवाला तेलुगूतली. आणि सगळ्यांचं बिल तुमच्या नावावर.

राहिला कायदा. भारतीय न्याय संहितेचं कलम 296: सार्वजनिक ठिकाणी अश्लील शब्द उच्चारून इतरांना त्रास दिला तर 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिकीट 199 असेल तर सहा तिकिटांचे पैसे बाजूला काढा, चहापुरते उरतील. ऐकणाऱ्याला त्रास झाला पाहिजे, ही अट आहे. तो झालेला गृहस्थ चौकीत येईल आणि हवालदार विचारेल, "नेमकं काय म्हणाला?" तिथे वही घेऊन बसा. गृहस्थ आधी खाकरेल, इकडेतिकडे बघेल, मग आवाज खाली आणून तुमचीच शिवी म्हणेल. चौकी हसेल. तो कुठे थांबला, ते तेवढं टिपून घ्या.