‘फॉरमॅट मारा, दिसेल’ म्हणे!

‘पेनड्राइव्ह किंवा पोर्टेबल हार्डडिस्क कॉम्प्युटरवर दिसत नाही? टिळक रोडच्या कॉम्प्युटर दुकानांत पैसे घालवू नका, हे पाच उपाय करा,’ असा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. तो आता मावशीकडे पोचलाय, आणि तिच्या डिस्कवर मुलीच्या लग्नाचे फोटो आहेत. तेव्हा बोलणं भाग आहे.

उपाय पहिला: ‘विंडोज फॉरमॅट करायचं का विचारेल, हो म्हणा. क्विक फॉरमॅटची खूण काढा, डिस्क स्वच्छ होईल.’ होईल की! मायक्रोसॉफ्टनंच लिहून ठेवलंय की व्हिस्टापासून पुढे फुल फॉरमॅट अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितो. त्यानंतर कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर आणा, हाती काही लागणार नाही. म्हणून तिथे ‘कॅन्सल’च दाबायचं. मग विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. डिस्क आहे पण तिला ‘ई’, ‘एफ’सारखं अक्षर नाही? राइट क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, ‘अ‍ॅड’, झालं. ‘रॉ’ लिहिलेलं दिसलं तर फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली कुठे आहेत याची मांडणी, बिघडलीय. आधी डेटा काढून घ्या, फॉरमॅट नंतर. ‘इनिशियलाइज’, म्हणजे कोरी समजून नव्यानं आखू का, असं विचारलं तरी नाहीच म्हणा. आणि फोटोग्राफरनं मॅकवर भरून दिली असेल तर डिस्क धडधाकट असू शकते. मॅकची एपीएफएस रचना विंडोजला वाचता येत नाही, एवढंच. मॅकला लावून एक्सफॅट (मॅक आणि विंडोज दोघांनाही वाचता येणारी रचना) केलेल्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या.

दुसरा उपाय हार्डडिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा. आइस्क्रीम आहे का ते? बाहेर काढल्यावर पुण्याच्या जुलैतल्या हवेत आत दव धरतं, आणि डेटा वाचणारं हेड तर फिरत्या प्लेटपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, मध्ये थेंबाला जागाच नाही. टकटक आवाज येत असेल तर डिस्क लगेच काढा, पुन्हा लावून बघू नका.

तिसरा, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये, ‘यूएसबीस्टोर’चा आकडा 3 (यूएसबी डिस्क चालू) करा. तो 4 (बंद) असेल तरच याचा उपयोग, आणि 4 बहुधा कुणीतरी मुद्दाम केलेला असतो. हिंजवडीच्या कंपनीचा लॅपटॉप असेल तर हात लावू नका, आयटीवाल्यांना विचारा.

चौथा, ‘इजेक्ट करायची गरज नाही’ हे, नाइलाजानं, अर्धं मान्य. विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’, म्हणजे इजेक्ट न करता डिस्क काढता येण्याची सोय, आपोआप चालू असतं. पण कॉपी चालू असताना ओढलीत तर फाइल अर्धवट राहणारच, आणि फिरती हार्डडिस्क तर इजेक्ट करूनच काढावी.

पाचवा, रीस्टार्ट. ठीक.

जे सगळ्यात आधी तपासायचं, त्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्येही काही दिसत नसेल तर केबल आणि करंट बघा. यूएसबी 2 पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, यूएसबी 3 पोर्ट 900. फिरती डिस्क सुरू होताना याहून जास्त मागू शकते. मध्ये हब (एका पोर्टचे अनेक करणारा डबा) असेल तर काढा, डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला थेट लावा. डिस्कच्या रुंद सॉकेटच्या अर्ध्या भागात मोबाइलची जुनी मायक्रो केबलही बसते. ती नुसती चार्जिंगची असेल तर दिवा लागतो, डिस्क दिसत नाही. केबल बदलून बघा.