फ्लॅग काढायचं व्हर्जन आधीच का लिहायचं: तीन आक्षेपांना उत्तर

फ्लॅग म्हणजे एखादं फीचर चालू-बंद करणारा कोडमधला स्विच. फ्लॅग सांभाळणाऱ्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) प्रत्येक फ्लॅगच्या नोंदीत तो कोणत्या व्हर्जनपासून चालेल आणि कोणत्या व्हर्जनला कोडमधून काढायचा, हे आधीच लिहायचं, असं माझं म्हणणं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. कॉन्फिग फाइलमध्ये ट्रू-फॉल्स लिहून भागतं तिथे लायब्ररी कशाला? दहा फ्लॅग म्हणजे १०२४ कॉम्बिनेशन्स, ती टेस्ट कोण करणार? आणि 'काढायचं व्हर्जन' आलं म्हणून बिल्ड (कोडमधून ॲप तयार करण्याची पायरी) फेल करणं हा आततायीपणा नाही का?

पहिला आक्षेप अर्धा मान्य. सॉफ्टवेअर फक्त तुमच्या सर्व्हरवर चालतं आणि एका वेळी एकच व्हर्जन लाइव्ह असतं, तर कॉन्फिग फाइल पुरते. लायब्ररी घालूच नका. पंचाईत होते ती २.३, २.४ आणि २.६ एकाच वेळी लोकांच्या फोनवर असतात तेव्हा. समजा, नव्या सर्चचा अर्धा कोड २.३ मध्ये बंद अवस्थेत गेला आणि पूर्ण झाला २.४ मध्ये. सर्व्हरवरून फ्लॅग चालू केला की २.३ वालेही त्या अर्धवट कोडमध्ये शिरणार आणि ॲप क्रॅश होणार. म्हणून फ्लॅगच्या नोंदीत 'कधीपासून' हे फील्ड आहे. त्यात कोड पहिल्यांदा आला ते नव्हे, पूर्ण होणार ते व्हर्जन लिहायचं. २.३ बाहेर पडतानाच त्यात २.४ लिहिलेलं असतं, त्यामुळे सर्व्हर काहीही म्हणो, लायब्ररी 'बंद' असंच सांगते.

तुलना मात्र आकड्यांची करा. स्ट्रिंग म्हणून बघितलं तर २.१० हे २.९ पेक्षा लहान ठरतं. बीटाचीही गंमत आहे: सेमव्हरच्या (व्हर्जनना आकडे देण्याच्या प्रचलित पद्धतीच्या) नियमाने २.४.०-बीटा.१ हे २.४.० पेक्षा लहान, म्हणजे ज्यांनी फीचर तपासायचं त्या टेस्टर्सनाच ते दिसणार नाही. बीटाचं शेपूट कापा आणि फक्त आकडे घ्या.

१०२४ चं म्हणाल, तर सगळी कॉम्बिनेशन्स कुणीच तपासत नाही. एक फेरी आजच्या डीफॉल्टवर (फ्लॅगच्या मूळ ठरलेल्या स्थितीवर), एक पुढच्या रिलीजच्या डीफॉल्टवर, आणि मग आजच्या डीफॉल्टमधला एकेक फ्लॅग उलटा करून. दहा फ्लॅगना बारा फेऱ्या. अट एवढीच की एका फ्लॅगच्या आत दुसरा फ्लॅग तपासायचा नाही. ही अट मोडली की तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा.

आता बिल्डचं. काढायचं व्हर्जन आलं का, ही तपासणी फक्त सीआयमधल्या (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या) टेस्टमध्ये असते. रनटाइमला, म्हणजे ॲप चालताना, मुदत संपलेला फ्लॅग गुपचूप आपलं डीफॉल्ट देतो, युझरला एरर दाखवत नाही. २.६ ची ब्रांच (कोडची वेगळी शाखा) काढली की मेनवर (मुख्य शाखेवर) व्हर्जन लगेच २.७.० करा. मग बिल्ड पडली तर सायकलच्या पहिल्या दिवशी पडते, रिलीजच्या आदल्या रात्री नाही. २.६.१ चा हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) २.६ च्याच ब्रांचवर होतो, त्याला धक्का लागत नाही. पायथन भाषेच्या फ्यूचर मॉड्यूलमध्येही (भाषेतल्या येऊ घातलेल्या बदलांच्या यादीत) हेच आहे: 'जनरेटर स्टॉप' या बदलाच्या नोंदीत 'ऐच्छिक ३.५, सक्तीचं ३.७' असं दोन्ही लिहिलेलं आहे. 'ॲनोटेशन्स' या दुसऱ्या बदलाची सक्ती मात्र ३.१० ला ठरली होती, ती आधी पुढे ढकलली गेली आणि शेवटी रद्दच झाली. ढकलायला हरकत नाही, पण कुणीतरी ती ओळ जाणूनबुजून बदलली पाहिजे.

फ्लॅग पडून राहिला तर काय बिघडतं, हेही तुम्ही विचारलंत. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर ट्रेडिंग कंपनीत नव्या कामासाठी जुनाच फ्लॅग पुन्हा वापरला गेला. तो पूर्वी 'पॉवर पेग' नावाचा कोड चालवायचा. २००३ पासून वापरात नसलेला हा कोड तसाच पडून होता. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचलाच नव्हता, तिथे पॉवर पेग जागा झाला. साधारण ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान.

म्हणून काढलेल्या फ्लॅगचं नाव लायब्ररीतल्या 'निवृत्त' यादीत कायम राहतं आणि त्याच नावाने नवा फ्लॅग नोंदवू गेलात तर टेस्ट पडते. शिवाय कोडमधून काढला म्हणजे सर्व्हरवरून काढला असं नाही. २.४ वाले अजून तो फ्लॅग विचारत असतात आणि त्यांच्याकडचं डीफॉल्ट 'बंद' आहे. उत्तर थांबलं की त्यांचं चालू फीचर गायब होईल. २.४ चा सपोर्ट संपेपर्यंत सर्व्हरवरची ती एक ओळ राहू द्या.