दोन इंची पट्टा

आमच्या होडीला दोन पट्टे आहेत. होते, म्हणायला हवं. वीस वर्षांपूर्वी वडिलांनी ही फायबरची होडी घेतली तेव्हा वरचा पट्टा लालभडक होता आणि खालचा पिवळा. कोकणातल्या उन्हाचं लाल रंगाशी काय वैर आहे कोण जाणे. पिवळा नुसता फिकटतो, लाल मात्र पार बाटतो. आमचा तर बडीशेपेच्या गोळीसारखा गुलाबी झाला होता, आणि वरून हात फिरवला की तळव्याला खडूची पूड.

रंगाऱ्याने साडेतीन हजार सांगितले. "दोन रेघा मारायचे?" मी म्हणालो. बायकोने तेव्हाच माझ्याकडे बघितलं होतं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीचा काळ, त्यामुळे होडी माडाखाली झापांनी शाकारून ठेवलेली. नारळी पौर्णिमेला आठ दिवस होते. आठ दिवसांत मी अख्खी गोदी रंगवली असती, असं तेव्हा वाटत होतं.

पहिला दिवस घासण्यात गेला. पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा तितका कागद बारीक, हे मला उलटं माहीत होतं. आधी २२० ने हळुवार घासून शेवटचा हात ६० ने मारला. होडीला मांजर चावलंय असं शेजारच्या पोराचं मत पडलं.

मग रेघ. गवंड्याची लाइनदोरी आणून नाळेपासून वरामेपर्यंत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, ताणली. दोरी सरळ होती. होडी नव्हती. तिला पोट आहे, नाळ वर उचललेली आहे; दोरीच्या मापाने चिकटपट्टी लावली आणि चार पावलं मागे जाऊन बघितलं, तर पट्टा मधेच खांदे पाडून बसलेला. तेवढ्यात आबा आले. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला 'छान' म्हटलेलं नाही.

"हो पट्टो आसा काय दिवड?" दिवड म्हणजे पाणसाप.

पण बोलता बोलताच त्यांनी बांबूची एक कांब चिरून आणली, होडीच्या अंगाला टेकवली आणि दोन टोकं धरून नुसती दाबली. कांब आपसूक होडीइतकीच वळली. खाली पेन्सिल फिरवली की झालं. पण ही अक्कल आली तेव्हा डावी बाजू रंगवून झाली होती.

श्रावणातल्या हवेत ऑइल पेंट वाळत नाही, नुसता विचार करत बसतो. त्यात मी होडी गोड्या पाण्याने धुतली नव्हती. अंगावरचं मीठ दमट हवेत पाणी ओढतं आणि चिकटपट्टी पापडासारखी सुटते. सुटली तिथून लाल रंग आत घुसला. उरलेली पट्टी रंग ओला असतानाच काढायची असते. मी दोन दिवसांनी काढली, ती रंगाचा पापुद्रा घेऊनच आली. कडेला करवतीचे दात.

दात झाकायला पट्टा पाव इंच रुंद केला. तो खाली ओघळला, म्हणून खालून पाव इंच. असं करत करत दोन इंची पट्टा साडेचार इंचांवर गेला आणि पिवळा पाण्याच्या दिशेने ढकलला गेला. नाळेजवळच्या नोंदणी क्रमांकाचं खालचं अर्धं अंग लालाखाली गेलं. त्यातल्या इंग्रजी आठाचं शून्य झालं, म्हणजे सरकारदरबारी ही आता दुसऱ्याच कुणाची तरी होडी. बायको चहा घेऊन आली. "अहो, रंग उरला असेल तर मधला पांढरा पट्टाही उरकून टाका."

उजवी बाजू मात्र कांबीने केली आणि खरंच देखणी झाली. दोन इंच म्हणजे दोन इंच.

पौर्णिमेला सकाळी होडी खाडीत ढकलली. भरतीला नाळ समुद्राकडे करून नांगर टाकला की उजवं अंग गावाकडे येतं, हा हिशेब मी आदल्या रात्रीच केला होता. आलंही. धक्क्यावरून जाणारे दोघेतिघे थांबून बघत होते. मी उगाचच तिथे दोन तास सुकाणू पुसत बसलो.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येतं. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर ओहोटी. आणि नारळ सोडायला वाजतगाजत गाव येतं दुपारी चारला.

ढोल वाजत धक्क्यावर पोचले तेव्हा होडीने नांगराभोवती सावकाश अर्धी फेरी पूर्ण केली होती. सगळ्यात पुढे, हातात नारळ घेऊन, आबा.