केळ्याला नाडी नसते, आप्पा

रविवारी सकाळी चोपड्याहून आप्पांचा फोन. "ते घड्याळ काढी टाकं मी. हाई बठ्ठं खोटं शे. केळाले बी कधी ठोका ऱ्हातस का?"

आप्पा माझे थोरले काका. वय 71, चार एकर केळी, आणि मोबाइलवर जे येईल त्यावर डोळे झाकून विश्वास. पुण्याच्या ताईने दिवाळीत त्यांना ॲपलचं घड्याळ दिलं होतं. पंधरवड्यात त्याने दोनदा 'ठोके अनियमित वाटतात' अशी सूचना दिली. ताई म्हणाली, डॉक्टरांना दाखवा. नेमका त्याच आठवड्यात भाऊबंदांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला आणि आप्पांना दवाखाना टाळायला कारण मिळालं.

व्हिडिओत एक जण घड्याळ केळ्याला बांधतो, पडद्यावर 77 येतात, मागे हशा. खाली चार मुद्दे. एक, केळ्याचेही ठोके दाखवतं, म्हणजे आत नुसते आकडे भरलेले असतात. दोन, मागचा हिरवा दिवा लेझर असतो, नसा जाळतो. तीन, आता म्हणे सुई न टोचता शुगरही कळते, मग ठोके तरी कसले खरे? चार, छातीत दुखलं तर घाबरू नका, घड्याळात 60 ते 100 दिसत असतील तर तो गॅस.

पहिल्या मुद्द्यात घड्याळ खोटारडं आणि चौथ्यात त्याच घड्याळाच्या भरवशावर छातीतलं दुखणं अंगावर काढायचं! लिहिणाऱ्याने स्वतःचाच मेसेज खालपर्यंत वाचलेला दिसत नाही.

मी जळगावात हॉस्पिटलची मशीनं दुरुस्त करतो. मॉनिटर, ईसीजी, बोटाला लावायचे प्रोब, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे केळ्याचं आधी.

व्हिडिओ बनावट नाही, हे कबूल. सोमवारी मी स्वतः करून पाहिलं. माझं दोन हजारांचं घड्याळ, घरातलंच केळं. आधी नुसत्या रेघा आल्या, मग 81, मग 64, मग पुन्हा रेघा. काही वर्षांपूर्वी चीनमध्ये लोकांनी टॉयलेट पेपरच्या गुंडाळीला असे ठोके मोजणारे पट्टे बांधले होते. तिचेही ठोके आले आणि बातम्या झाल्या होत्या.

असं का होतं? कारण घड्याळ हृदय बघतच नाही. ते उजेड मोजतं. मागचे हिरवे दिवे सेकंदाला शेकडो वेळा लुकलुकतात आणि शेजारचा सेन्सर कातडीवरून किती उजेड परत आला ते टिपतो. रक्त हिरवा प्रकाश भरपूर शोषतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त किंचित वाढतं, परतणारा उजेड किंचित घटतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो पुन्हा वाढतो. ही कमी-जास्त होणारी लाट मोजली की ठोके मिळाले. लाट फार बारीक असते, म्हणून यंत्र ती खेचून मोठी करतं.

केळ्याची सालही उजेड परत पाठवते. घड्याळाला वाटतं कुणीतरी घातलंय. मग धरलेला हात थरथरला, पट्टा जरा सरकला, वरचा ट्यूबलाइट लुकलुकला की त्या गोंधळातच ते लाट शोधत बसतं. शोधलं की काहीतरी सापडतंच. आमच्या हॉस्पिटलात बोटाचा प्रोब रिकामा टेबलावर पडलेला असतो, तरी कधीकधी मॉनिटरवर लाट उमटते. म्हणून कुणी टेबलाला ॲडमिट करत नाही.

खरी परीक्षा पुढेच आहे, आणि ती व्हिडिओवाल्याने केली नाही. मी तेच घड्याळ मनगटावर, हाडाच्या जरा वर, घट्ट बांधलं. बसल्या जागी 74. गच्चीचा जिना तीनदा चढलो-उतरलो, उभा राहिलो, मानेवर दोन बोटं ठेवली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद मोजले. 28 ठोके. चोकं 112. मनगटावर 110. मग केळं हातात धरून तेवढेच जिने चढलो (बायको बघत होती, तो भाग सोडतो). केळ्याचा आकडा 64 वरून 59 वर गेला. आत आकडे भरलेले असते तर माझ्या मनगटाला जिना कसा कळला?

अर्धं खरं असेल तर ते हेच, की ही घड्याळं चुकतात. पट्टा ढिला असला की चुकतात. निंदणी-कुदळीत हात एका लयीत हलत असला की कधी हाताची लयच ठोके म्हणून दाखवतात. धुळ्याकडच्या थंडीत हात गार पडले की कातडीतलं रक्त कमी होतं आणि लाट पुसट होते. आमच्या काकूच्या मनगटावर जुनं गोंदण आहे, तिथे घड्याळ हटकून गोंधळतं, कारण शाईच उजेड गिळते. दुसऱ्या हातावर बरोबर चालतं.

लेझरचं दोन ओळींत. तो साधा एलईडी असतो. उजेडाने नाडी टिपायची ही युक्ती अमेरिकेत अल्रिक हर्ट्झमन यांनी 1937 सालीच बोटांवर करून दाखवली होती. कोरोनात घरोघरी जो ऑक्सिमीटर बोटाला लावला, तोही उजेडावरच चालतो, फक्त लाल आणि इन्फ्रारेड. तेव्हा आप्पा तो दिवसातून सहा वेळा लावायचे. नस जळाली नाही.

शुगरबद्दल मेसेज चुकून बरोबर आहे. सुईशिवाय शुगर सांगण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांपासून अमेरिकेच्या एफडीएनेच (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी 2024 मध्ये लोकांना सावध केलं. पण त्यावरून ठोकेही खोटे ठरत नाहीत. तराजू दुधातलं फॅट सांगत नाही म्हणून वजन चुकीचं का?

चौथा मुद्दा मात्र जीव घेणारा आहे. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबणं. ती तुंबलेली असताना ठोके 80 असू शकतात. मनगटावरच्या उजेडाला त्याचा पत्ता लागत नाही. काही घड्याळांत बोट टेकवून ईसीजी काढता येतो, पण तो एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारा. हॉस्पिटलात बारा लीडचा काढतात. अटॅक ओळखता येत नाही, हे ॲपल स्वतःच सांगते. छातीत दुखलं तर घड्याळ बघू नका, गाडी काढा.

राहिली आप्पांची सूचना. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ॲपलच्या घड्याळावर 4,19,297 लोकांचा अभ्यास केला, तो 2019 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. अनियमित ठोक्यांची सूचना फक्त 2,161 जणांना मिळाली, म्हणजे दोनशेत एकाला. म्हणजे घड्याळ उगाच ऊठसूट ओरडत नाही. त्यांतल्या ज्या 450 जणांनी नंतर छातीला ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांच्यापैकी 34 टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, सापडलं. बाकीच्यांत नाही. हा त्रास येऊन-जाऊन असतो, पट्टी लावलेल्या दिवसांत तो आला नसेल, असंही होतं. पण तो असला तर हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते आणि लकवा होऊ शकतो. केळ्याचा व्हिडिओ बघून हे सोडून द्यायचं?

मंगळवारी आप्पांना जळगावला आणलं. गाडीत मी त्यांची नाडी धरली: दोन ठोके लगबगीने, मग एक खाडा, मग तीन. दवाखान्यात पोचेपर्यंत सरळ झाली होती, ईसीजी नॉर्मल आला. आप्पा माझ्याकडे बघून हसले. डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी चोवीस तासांचं होल्टर लावलं, म्हणजे अंगावर बाळगायचं, सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र. रिपोर्ट उद्या मिळेल. घड्याळ पुन्हा मनगटावर आहे, आणि पट्टा मी घट्ट केलाय.