नक्कल कशासाठी हवी?

आज तालुक्याला गेले होते एका जुन्या नोंदीची नक्कल, म्हणजे सरकारी प्रत, काढायला. हात हलवत परत आले. एसटीत बसूनच टाइप करतेय, त्यामुळे शुद्धलेखन तपासू नका आणि "ताई, शांत व्हा" असंही कोणी लिहू नका. नाही व्हायचं मला शांत.

मागणी एवढीशी होती. 1944 सालचं आमच्या गावचं जन्ममृत्यूचं रजिस्टर, म्हणजे गाव नमुना 14, आणि त्यातली एक ओळ. नकलेच्या अर्जात 'कशासाठी पाहिजे' असा रकाना असतो. मी तो कोरा ठेवला होता. खिडकीतल्या मुलाने (मुलगाच म्हणायचा, माझ्या भाच्याच्या वयाचा) विचारलं, "मॅडम, प्रयोजन? जातीचा दाखला? वारसनोंद?" दोन्ही नाही म्हटल्यावर बिचारा गोंधळला. आत गेला. पाऊण तासाने आला तो दोन्ही हातांवर एक वीट घेऊन. रजिस्टरची वीट. पानाला पान चिकटून दगड झालेला, कडेला काळी बुरशी आणि एका कोपऱ्यात वाळवीने केलेलं घर. दोन पावसाळ्यांपूर्वी म्हणे वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला आणि पाणी नेमकं त्या रॅकवर गळत राहिलं. पाइप दुरुस्त झाला. कागद वाळवायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

हेच रजिस्टर मी 2009 साली हातात धरलंय. तेव्हा आजोबांच्या जमिनीचा जुना फेरफार शोधायला गेले होते. रेकॉर्ड रूममध्ये एक अण्णा होते, निवृत्तीला आलेले, डोळ्यांवर जाड चष्मा. फेरफार त्यांनी दहा मिनिटांत काढून दिला. कागद बांधलेल्या लाल रुमालाची गाठ सोडली, कागद गोणपाटावर पसरले. मी सवयीने बोट जिभेला लावलं तसे ओरडले, "थुकी लावू नका बाई! कागुद हाय त्यो, नोटा न्हाईत." (मी बँकेत होते, हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे.) मग गावाचं नाव ऐकून म्हणाले, "या गावचं अजून एक दाखवतो," आणि हे रजिस्टर काढलं. सगळं मोडी लिपीत. ते बोट न टेकवता, ओळीच्या वरून बोट फिरवत वाचत गेले. आणि मध्येच थांबले. आजोबांचं नाव, पुढे 'मुलगी', वय दीड वर्ष, कारण ताप.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एक धाकटी बहीण होती, एवढंच आम्हाला ऐकून माहीत होतं. आजीने तिचा विषय आयुष्यात काढला नाही. फोटो नाही, पाळण्यातली बाळी नाही, काही नाही. ती या जगात होती याचा पुरावा म्हणजे एका सरकारी वहीतली ती एक ओळ, आणि तिच्यात तिचं नाव.

नक्कल घ्यावी असं तेव्हा मनात आलं होतं. अण्णांनी विचारलंही, "काढायची का?" मी म्हटलं, "कशाला लागणार आहे?"

हो, मीच म्हटलं. त्यामुळे आज त्या मुलावर ओरडायचा मला काय अधिकार?

तरी राग येतोच. पेशव्यांच्या काळातला जुन्नरी कागद चिंध्या कुटून हाताने केलेला. काजळ आणि डिंकाची शाई, बोरूने लिहिलेलं. पाण्यापासून आणि वाळवीपासून जपला तर तो आजही कडक वाजतो. 1944 चा कागद मात्र युद्धाच्या टंचाईतला, गिरणीचा, मुळातच हलका. तो आपला आपणच पिवळा पडून तुकडे होत जातो, आणि शाई विरघळवलेल्या वडीची असेल तर पाणी लागताच अक्षर जातं. म्हणजे जास्त जपायला हवा होता तो आजोबांच्या काळातला कागद, आणि तोच आपल्याला 'एवढा काही जुना नाही' वाटतो. ओला कागद दोन दिवसांत सावलीत, पंख्याखाली, मध्ये टीपकागद घालून सुटा केला तर वाचतो. दोन दिवस! यांनी दोन वर्षं काढली.

इंग्रजांनी 1852 चा कायदा करून इनाम कमिशन बसवलं आणि लोकांची इनामं तपासायला मराठी दप्तरं गोळा करून पुण्यात आणली. आपल्या प्रेमापोटी नाही, आपल्या जमिनी काढून घेता याव्यात म्हणून. पण ठेवली! म्हणून आज पेशवे दप्तर आहे. आपल्याला तर आपलंच ठेवायचं होतं.

2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा बघितलंत ना? न्यायमूर्ती शिंदे समिती बसली आणि तालुक्यातालुक्यांत एकदम मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेले रुमाल रातोरात सुटले, हेच नमुना 14 आणि ही कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या वह्या. (आरक्षणावर माझं मत इथे विचारू नका, ती लढाई माझ्या भिंतीवर नको.) मला आनंदच झाला होता, निदान धूळ तरी झटकली जाईल म्हणून. पण ज्याला जे हवं ते त्याने शोधलं, फोटो काढला, आणि गठ्ठा होता तिथे परत. गाठसुद्धा धड नाही.

आता कोणीतरी कमेंटमध्ये लिहील, सगळं स्कॅन झालंय की. बरं, झालंय. 'आपले अभिलेख' या सरकारी वेबसाइटवरून मीच भावाला जुना सातबारा घरबसल्या काढून दिलाय, खोटं कशाला बोलू? पण आमच्या इथे जमिनीचं झालं आणि जन्ममृत्यूच्या वह्या "नंतर बघू"मध्ये राहिल्या. जमिनीला भाव आहे, दीड वर्षाच्या पोरीला काय भाव? आणि विटेचं स्कॅनिंग करून दाखवा मला.

सरकारी कागद जपायचे कायदे आहेत हो. केंद्राच्या कागदांसाठी 1993 चा, आपल्या राज्याचा 2005 चा. केंद्राच्या कायद्यात तर नियम डावलून कागद नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण नष्ट होऊ दिला, नुसता बघत बसला, तर? त्याला कुठलं कलम लावायचं? 2012 ला मंत्रालय जळलं तेव्हा आपण महिनाभर तेच बोलत होतो, कुठली फाइल गेली, कोणाची गेली. तालुक्यात पाइप फुटला तर बातमी होत नाही.

आणि आपणही काही कमी नाही. 2025 च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीसुद्धा ठेवला. त्या किल्ल्यांवर धान्य किती होतं, शिबंदीचा, म्हणजे तिथल्या शिपायांचा, पगार कधी थकला, हे आपल्याला कळतं ते कुठल्या तरी कारकुनाने लिहून रुमालात बांधून ठेवलं म्हणून. बुरुजावर सेल्फीला रांग. अण्णांच्या खोलीत कोण जाणार, तिथे तर धुळीने शिंका येतात. सरकारी नोकरीत रेकॉर्ड रूमला बदली म्हणजे शिक्षा समजतात, हे बँकेत असताना तहसीलच्या माणसांकडूनच ऐकलंय. अण्णांनंतर तिथे कोणी मोडी वाचणारा आला नाही. मला विचाराल तर स्कॅनर एक कमी घ्या, पण तिथे एक माणूस बसवा. गाठ सोडता येणारा आणि परत बांधता येणारा.

त्या मुलाबद्दल मघाशी जरा जास्तच बोलले. त्याच्याकडे तीन टेबलं आहेत, त्यात पंचनामे सुरू, दाखल्यांची रांग दारापर्यंत. ती वीट त्याने माझ्यासमोर नुसती आपटली नाही. वर्तमानपत्र अंथरून ठेवली. नखाने एक कोपरा हळूच उचकटायला गेला, तर तुकडा निघाला. मग मीच म्हटलं, राहू दे बाळा.

दादा आता 86 वर्षांचे आहेत. हल्ली रोज संध्याकाळी विचारतात, "तिचं नाव काय गं होतं?" मग स्वतःच म्हणतात, "चंपा." माझ्या कानात अण्णांचा आवाज आहे, आणि तो 'चिमा' म्हणतोय. पण सोळा वर्षं झाली, शपथेवर सांगता येणार नाही. कदाचित दादांचंच बरोबर असेल. तेवढंच बघायचं होतं मला. चंपा की चिमा.

निघताना अर्ज परत मागितला तर म्हणाला, "असू द्या मॅडम, आवकला नोंद घेतो, उद्या कोणी कागद सोडवणारा आला तर निघेल." रकाना कोराच होता. त्याने थोडा विचार केला आणि लिहिलं, 'घरगुती कामासाठी'.