गोव्याहून येताना गाडीत काय ठेवताय?

सीझन तोंडावर आलाय. सांगली, मिरज, तासगावची पोरं गोवा, गोकर्ण, कसोलला निघतील आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ट्रॅव्हलर आमचीच लागेल. म्हणून आत्ताच स्पष्ट लिहितो. राग आला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

पोरांच्या डोक्यात एक पक्कं बसलंय, की किलोच्या आत गांजा असला तर काही होत नाही. साफ खोटं आहे. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाचं 'अल्प प्रमाण' १ किलोपर्यंत धरलंय, पण ते शिक्षा किती द्यायची यासाठी. परवानगी एका पुडीचीही नाही. अल्प प्रमाणाला १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच्या वर १० वर्षांपर्यंत आणि २० किलोच्या वर गेलं की कमीत कमी १० वर्षं. चरसाला हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलोवर येतात. हिमाचलातल्या मलाणा गावचा चरस म्हणून कौतुकानं आणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याच्या बाजूनं वर येताना गाड्या तपासतात त्या मुख्यतः गोव्याच्या दारूसाठी. पण एकदा तपासणी सुरू झाली की सीट उचलली जाते, स्टेपनीचं कव्हर निघतं, बॅगांच्या चेन उघडतात. अंगझडतीच्या वेळी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा हक्क कलम ५० देतं. तो अंगापुरताच आहे, बॅगेला लागू नाही. आणि माल तुमच्या ताब्यात होता हे सिद्ध झालं, की 'मला माहीत नव्हतं' हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. मित्रानं "जरा ठेव रे तुझ्याकडं" म्हणून दिलेली सॅक असली तरी.

आता गाडीवाल्याचं ऐका. कलम ६० प्रमाणे माल वाहून नेणारी गाडी जप्त होऊ शकते. सुटायचं तर मालकाला दाखवावं लागतं, की त्याला माहीत नव्हतं, ड्रायव्हरलाही माहीत नव्हतं आणि दोघांनी योग्य ती सगळी काळजी घेतली होती. माझ्या ओळखीतल्या एकाची गाडी अशीच अडकली. ठाण्याच्या आवारात टायर बसले, काचेवर धुळीचा थर, इन्शुरन्स संपला, बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला चालूच. भाड्यानं नेणारी पोरं होती, त्यानं पुडी डोळ्यानं पाहिलीही नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आसाममधल्या एका ट्रकच्या प्रकरणात सांगितलं, की खटला चालू असतानाही अशी गाडी मालकाला तात्पुरती परत देता येते. मोठा दिलासा आहे, पण तोही अर्ज, वकील आणि तारखांनंतरच.

खत-बियाणांच्या डीलर ट्रिपला थायलंडला जाणाऱ्या दुकानदारांनाही सांगतो. तिथं २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणला. तिथं काहीही चालू असो, येताना बॅगेतून आणलंत तर तो आयातीचा गुन्हा आहे. वाटेत सिंगापूर असेल तर बोलायलाच नको. ५०० ग्रॅमच्या वर गांजाची तस्करी तिथं फाशीपर्यंत नेते.

ज्याला सवय लागलीय त्याच्यावर माझा राग नाही. घरच्यांनी मारहाण न करता त्याला उपचाराला न्यावं. अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर कलम ६४अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार पूर्ण करावे लागतात, एवढंच. हे कलम आपल्याकडं घराघरात माहीत व्हायला हवं.

आमच्या गाडीत यापुढं निघतानाच प्रत्येक बॅगेवर नाव लिहिलं जाईल. बिननावाची बॅग चढणार नाही, कुणाचं पार्सल घेतलं जाणार नाही आणि वाटेत संशय आला तर ड्रायव्हर जवळच्या पोलीस ठाण्यासमोर गाडी थांबवेल. बुकिंग करतानाच हे विचारून घ्या.