दोन्ही डगरींवर हात

भावा, देव पण पायजे आणि गुजरीतला, म्हंजे आपल्या सराफ बाजारातला, सोन्याचा साज पण पायजे, मग त्यात लाजायचं काय? कोल्हापूरचा माणूस तांबडा आणि पांढरा एकाच ताटात घेतोय, कुठला सोडू असा प्रश्न त्याला कधी पडलाय का? तर जमवायचं कसं ते सांगतो, अनुभव दांडगा हाय.

रविवारी चर्चला वेळेवर जाऊ नका, पापांगीकार, म्हंजे पापं कबूल करायची प्रार्थना, सापडतो. दुसऱ्या गीताला पोचायचं. गाडी नवीन असंल तर पाळकसाहेबांना बाहेर बोलवून तिच्यावर प्रार्थना करून घ्यायची, मग कर्जावरची गाडी पण देवाच्या कृपेची साक्ष होत्या. प्लॉटचा भाव वाढला की आशीर्वाद, हप्ता थकला की सैतानाचा हल्ला, एवढं पाठ केलं की झालं.

दशमांशाचं, म्हंजे कमाईचा दहावा भाग देवाला द्यायचं, लोक उगंच टेन्शन घेतात. पगारातनं घरचा हप्ता, भिशी, पोरांच्या फिया, रंकाळ्यावरची भेळ सगळं वजा करायचं आणि महिनाअखेरीला जे उरलंय त्याचा दहावा भाग काढायचा, शून्याचा दहावा भाग काढायला कॅल्क्युलेटर पण लागत नाही.

चाळीस दिवसांचा उपवासकाळ आला की मटण सोडायचं, पण गुपचूप नाही हां, गल्लीला कळलं पायजे. मिसळ चालते. ईस्टरच्या मटणाची ऑर्डर मात्र आधीच देऊन ठेवा, नंतर चांगलं मिळत नाही.

बायबल रोज वाचा, फक्त मत्तयाचा सहावा आणि लूकचा बारावा अध्याय जरा जपून. लूकमधी तो शेतकरी जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचा प्लॅन करतोय आणि त्याच रात्री जातोय, ज्यांच्या दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पडायचाय त्यांनी असलं वाचूच नये. मत्तयातलं पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, कसर आणि जंग खातो, चोर नेतात, हे मात्र मी तंतोतंत पाळलंय. सोनं लॉकरला टाकलंय, तिथं तिन्ही येत नाहीत. आणि श्रीमंत देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंट सुईच्या नाकातनं जाणं सोपं, असं म्हटलंय खरं, पण ती अडचण उंटाला सांगितलीय, गंगावेशीतल्या म्हशीबद्दल कुठं काय लिहिलेलं नाही.

मिशनरी वाइल्डरसाहेब अमेरिकेतलं घरदार सोडून या देशात आले आणि १८५२ ला कोल्हापुरात पोचले. किती उलटा प्रवास! तो आता आपण सरळ करून घ्यायचा, पोराच्या व्हिसासाठी साखळी प्रार्थना लावायची, आठवड्यातनं तीनदा. शेजारच्या म्हातारीच्या ऑपरेशनसाठी एकदा पण चालतंय.

आता बायबलातला तो श्रीमंत तरुण. येशूनं सगळं विक, गरिबांना दे आणि माझ्यामागं ये म्हटल्यावर बिचारा तोंड पाडून निघून गेला. लई साधा गडी! आपण जायाचं नाही. तिथंच थांबायचं, पुढच्या बाकावर, डोळे मिटून, आणि आमेन सगळ्यात मोठ्यांदा म्हणायचं. फक्त मोबाईल सायलेंटवर ठेवा, प्लॉटवाल्या एजंटचा फोन नेमका प्रभुभोजनालाच येतोय.